'पियानो'वर ओढलेले ताशेरे : केंब्रिजच्या वर्गातलं एक प्रकरण

1920 च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांच्या व्याख्यानाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती एक छापील कागद पडायचा. त्यावर साधारण चार कविता असत. कवीचं नाव नाही, साल नाही, कुठल्या संग्रहातली आहे त्याचाही पत्ता नाही. कागद घरी न्यायचा, आठवडाभर त्या कविता वाचायच्या आणि जे वाटेल ते मोकळेपणाने लिहून परत आणून द्यायचं. लिहिणाऱ्यानंही आपलं नाव घालायचं नाही. एक मात्र नोंदवायचं, की कविता किती वेळा वाचली. एका बैठकीत कितीही वेळा वाचली तरी ते एकच वाचन धरायचं. बहुतेकांनी निदान चार वाचनं केली होती, काहींनी दहा-बारा. पुढच्या आठवड्यात रिचर्ड्स कवितांबरोबर या लिहून आलेल्या मतांवरही बोलत.

इंग्रजी साहित्य हा केंब्रिजमध्ये तेव्हा नवाच विषय होता. त्याची स्वतंत्र परीक्षा 1917 साली मान्य झाली आणि रिचर्ड्स 1919 पासून शिकवू लागले. कवितेवर लिहायचं म्हणजे कवीचं चरित्र, काळ, कोणाचा प्रभाव, आणि शेवटी थोडं गुणगान, अशी तोवरची रीत. रिचर्ड्सनी नाव काढून घेतलं आणि ही सगळी कुबडी एकदम गेली. 1929 साली त्यांनी तेरा कविता आणि त्यांवरची ही मतं एकत्र करून 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' छापलं. त्यातली आठवी कविता इंग्रज कवी-कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सची 'पियानो'. 1918 च्या 'न्यू पोएम्स' या संग्रहात ती आली होती आणि पुस्तक निघालं तेव्हा लॉरेन्स हयात होता. वर्गाने मात्र या कवितेची पार दाणादाण उडवली. आवडली म्हणणारे थोडे आणि नावडली म्हणणारे त्यांच्या कितीतरी पट. तेरांपैकी याहून जास्त नापसंती फक्त अमेरिकन कवी लाँगफेलोच्या कवितेच्या वाट्याला आली.

इंग्रजी कविता वाचणाऱ्या आणि तिच्यावर लिहिणाऱ्या कुणालाही हे एक प्रकरण पुरेसं आहे असं मला वाटतं. कविता अवघ्या बारा ओळींची, शब्द सोपे, संदर्भ फार नाहीत. वाचणारे हुशार होते, अनेक वेळा वाचून लिहीत होते. तरीही बहुतेकांनी कवितेत जे घडतं त्याच्या उलटंच वाचलं.

कवितेत घडतं ते असं. संध्याकाळ आहे. एक बाई हलक्या आवाजात गाते आहे, ऐकणारा प्रौढ पुरुष आहे. गाणं त्याला मागे नेतं आणि त्याला एक मूल दिसतं. ते पियानोखाली बसलंय, वर तारांचा घुमार चाललाय, आणि आई हसत हसत गातेय, तिची छोटी पावलं ते मूल हातांनी दाबतंय. दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो की माझी इच्छा नसताना हे होतंय. गाण्याची चोरपावलांनी येणारी सत्ता मला दगा देऊन मागे ओढतेय. घरच्या रविवारच्या संध्याकाळी, बाहेर हिवाळा, आतल्या उबदार बैठकीत प्रार्थनागीतं आणि किणकिणत्या पियानोची साथ, त्या जगाचा व्हायला हृदय रडतंय. तिसऱ्यात गायिका आवाज चढवते. मोठा काळा पियानो 'अपॅशिओनाटो', म्हणजे भावनेच्या भरात, वाजू लागतो. पण आता त्याचा उपयोग नाही. बालपणाची मोहिनी पडलेली आहे, पुरुषपण आठवणींच्या पुरात कोसळलं आहे आणि तो मुलासारखा भूतकाळासाठी रडतोय.

म्हणजे पियानो दोन आहेत, गाणाऱ्या बायका दोन आहेत आणि काळही दोन आहेत. एक बाई समोर आहे, दुसरी आठवणीत. एक पियानो मोठा, काळा आणि आजचा, दुसरा घरातला, लहान आवाजाचा. कवितेवर एक अक्षर लिहिण्याआधी एवढं नीट सांगता आलं पाहिजे. रिचर्ड्सनी वाचकांच्या अडचणींची जी यादी केली तिच्यात पहिली अडचण हीच होती, कवितेचा साधा अर्थच न लागणं. प्रतिमा, लय, विचारसरणी हे सगळं तिच्यानंतर येतं.

वर्गाचा मुख्य आरोप होता भावुकतेचा. एकाने लिहिलं की हे बावळट, रडकं, भावुक बरळणं नाही असं पुढे ठरलं, तर मला कवितेचा रोखच कळला नाही म्हणायचं. त्याला रोख खरोखरच कळला नव्हता. काहींना नादात विसंगती दिसली. पहिल्या कडव्यात तारा घुमतात आणि झिणझिणतात, दुसऱ्यात तोच पियानो किणकिणतो, मग नेमकं खरं काय?

या आक्षेपाचं उत्तर कवितेतच आहे. त्यासाठी मूल कुठे बसलंय एवढंच पाहावं लागतं. ते पियानोच्या खाली आहे. लाकडाच्या पोकळीशी कान लावून बसलेल्याला तारांचा आवाज वरून कोसळणाऱ्या घुमारासारखाच येणार, आणि 'टिंगलिंग' ही नुसती ऐकू येणारी गोष्ट नाही, ती अंगाला जाणवणारी झिणझिण आहे. दुसऱ्या कडव्यात मूल खाली नाही. सगळं घर बैठकीत प्रार्थनागीतं म्हणतंय आणि त्या सगळ्यांच्या आवाजांच्या मागे घरगुती पियानो वाट दाखवतोय. तिथून तो किणकिणणारच. लॉरेन्सने एकाच वाद्याचा आवाज दोन जागांवरून ऐकवला आहे. ज्यांनी विसंगती दाखवली त्यांनी शब्द वाचले होते, पण मुलाच्या जागी जाऊन ऐकलं नव्हतं.

आता मुख्य आरोप. शेवटच्या ओळीत माणूस रडतो हे खरं. पण त्या ओळीपर्यंत कविता कशी पोहोचते? दुसरं कडवं सुरूच होतं 'इन स्पाइट ऑफ मायसेल्फ', म्हणजे 'माझी इच्छा नसताना', या शब्दांनी. गाण्याच्या सत्तेला विशेषण आहे 'इन्सिडिअस', नकळत आत शिरून पोखरणारं. क्रियापद आहे 'बिट्रेज', दगा देणं. पहिल्या कडव्यातलं 'टेकिंग मी बॅक' इथे 'बिट्रेज मी बॅक' होतं. नेण्याचं रूपांतर फसवून नेण्यात झालं आहे. सुखाने रडणारा माणूस हे शब्द वापरत नाही. हा माणूस विरोध करतोय, हरतोय, आणि आपण हरतोय हे त्याला दिसतंय. भावुक कवितेला असा विरोध लागत नाही, तिला पुरात उडी मारायचीच असते.

ओळी कुठे तुटतात तेही पाहण्यासारखं आहे. कविता यमकांच्या जोड्यांत आहे, ओळी लांब आणि सैल. त्यातच दुसऱ्या कडव्यात 'सॉंग' शब्दावर ओळ थांबते आणि पुढची 'बिट्रेज' शब्दाने उघडते. तिसऱ्यात 'कास्ट' वर ओळ संपते आणि 'डाउन' खालच्या ओळीत पडतं. पुरुषपण कोसळताना वाक्यही एक ओळ खाली कोसळतं. 'क्लॅमर' आणि 'ग्लॅमर' ही यमकाची जोडी तर सगळा झगडाच एका ठिकाणी आणते. पहिला आजच्या पियानोचा गोंगाट, दुसरी जुन्या दिवसांची मोहिनी. कानाला दोन्ही जुळतात आणि त्यांपैकी एक दुसऱ्याला हरवतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मुलाचं येणं. पहिल्या कडव्यात तो 'मी लहान असताना' असं म्हणत नाही. 'मला एक मूल दिसतं' म्हणतो, लांबून, परक्याचं असावं तसं. दुसऱ्यात त्या जगाचा व्हायला हृदय रडू लागतं. शेवटी तो स्वतः मुलासारखा रडतो. बारा ओळींत लांबून दिसणारं मूल त्याच्यात येऊन बसतं. आणि तरीही 'मुलासारखा' यातलं 'सारखा' शिल्लक राहतं, कारण रडणारा प्रौढच आहे आणि त्याला ते ठाऊक आहे. भावुकतेचा शिक्का मारणाऱ्यांनी शेवटची ओळ वाचली. पहिल्या कडव्यातलं ते अंतर त्यांच्या नजरेतून निसटलं.

रिचर्ड्सनी भावुकता आणि भावनेला घातलेला बांध ही दोन्ही दुखणी एकाच प्रकरणात घेतली आहेत, आणि या कवितेच्या संदर्भात त्यांच्या पुस्तकातली ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रसंगाला न शोभणारी, परिस्थिती बदलली तरी जुन्याच जोरावर चालत राहिलेली भावना म्हणजे भावुकता, असं त्यांचं साधारण म्हणणं. पण आपण भावुक ठरू या भीतीने कुठल्याच कोवळ्या गोष्टीजवळ न जाणं हेही तितकंच दुखणं. 'पियानो'वर तुटून पडलेल्यांपैकी अनेकांना आई, बालपण, रविवारची संध्याकाळ, अश्रू एवढे शब्द दिसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. हे विषय दिसले की विरघळायचं हे जितकं ठरीव, तितकंच हे विषय दिसले की नाक मुरडायचं हेही ठरीव.

त्या वर्गाला ठाऊक नसलेली एक गोष्ट पुढे उजेडात आली. लॉरेन्स नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असतानाच्या एका वहीत या कवितेचा आधीचा खर्डा आहे. तो पाच कडव्यांचा आहे. त्याच्या सुरुवातीला मोठ्या काळ्या पियानोच्या आत कुठेतरी आईचा छोटा तपकिरी पियानो दडला असेल असं म्हटलं आहे. पाठ भिंतीला टेकलेली, पुढचं रेशीम विटलेलं आणि फाटलेलं, आईच्या बोटांनी झिजून पट्ट्यांना खळगे पडलेले. एका कडव्यात समोरच्या खोलीत एकटीच गाणारी आणि भावाला पाहून लाजणारी बहीण आहे. आणि शेवट? शेवटी बाई एक रांगडं हंगेरियन गाणं गाते, मोठा काळा पियानो आईच्या पियानोला कधी जमला नसता असा गर्जतो आणि भूतकाळाचे सूर या नव्या संगीताकडून गिळले जातात.

खर्ड्यात आज जिंकतो. छापील कवितेत भूतकाळ जिंकतो. खर्ड्यातल्या 'ग्लॅमर'ची मालकी आजच्या संगीताकडे होती, छापील कवितेत तोच शब्द बालपणाकडे गेला. लॉरेन्सने निकाल फिरवला, बहीण काढली, विटलेलं रेशीम काढलं, झिजलेल्या पट्ट्याही काढल्या. त्या पट्ट्या काढताना जीव तुटला असेल, इतक्या त्या चांगल्या आहेत. पण सहजी डोळ्यांत पाणी आणणारा तपशील तोच होता. जो कवी नुसतं रडवायला बसला आहे तो आईच्या बोटांनी झिजलेल्या पट्ट्या कवितेतून कशाला काढेल? लॉरेन्सची आई 1910 च्या डिसेंबरात गेली. कविता छापून आली ती त्यानंतर सात-आठ वर्षांनी, पाचाची तीन कडवी होऊन.

असं असलं तरी हा खर्डा हाताशी नसताना कविता कळू शकत नाही, असं मी म्हणणार नाही. विरोध दाखवणारे सगळे शब्द छापील बारा ओळींत आहेत. खर्डा फक्त एवढं सांगतो की ते शब्द तिथे ओघात आलेले नाहीत.

रिचर्ड्सची व्याख्यानं ऐकलेल्यांपैकी समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी 1945 साली 'स्क्रूटिनी' या नियतकालिकात ही कविता पुन्हा हाती घेतली आणि टेनिसनच्या 'टिअर्स, आयडल टिअर्स' शेजारी ठेवली. दोन्ही कविता गेलेल्या दिवसांसाठी रडतात. टेनिसनचे अश्रू कशासाठी ते त्यालाही नीट माहीत नाही, आणि कवितेची गोडी त्या धूसरपणातच आहे. लॉरेन्सकडे एक खोली आहे, एक वाद्य आहे, पावलं दाबणारे हात आहेत, आणि आपल्याला काय होतंय ते पाहणारं मन आहे. लीव्हिसचा कौल लॉरेन्सच्या बाजूने पडला, आणि तो या नेमकेपणावर. टेनिसनच्या कवितेचा नाद मला आजही ओढतो, त्यामुळे लीव्हिसचा कडकपणा मला सगळा पटत नाही. पण लिहिण्याची त्यांची पद्धत शिकण्याजोगी आहे. 'भावुक' आणि 'संयत' अशी लेबलं लावत बसण्यापेक्षा दोन कविता शेजारी ठेवायच्या आणि एकीत काय आहे जे दुसरीत नाही ते बोट ठेवून दाखवायचं.

आता रिचर्ड्सच्या प्रयोगाचीही बाजू तपासायला हवी, कारण नाव झाकलं म्हणजे वाचन शुद्ध झालं असा एक समज त्यातून पसरला. नाव झाकताना काळ आणि जागाही झाकली जाते. लॉरेन्स नॉटिंगहॅमशरच्या ईस्टवूडचा, कोळसा खाणीतल्या मजुराचा मुलगा. त्याच्या घरी रविवार, चॅपल (म्हणजे छोटं प्रार्थनाघर) आणि प्रार्थनागीतं यांचं वजन काय होतं ते त्याने 1928 साली एका लेखात स्वतःच लिहिलं आहे. लहानपणी शिकलेली ती गीतं थोर कवितांपेक्षाही आपल्यात खोल रुजून आहेत, असं तो तिथे सांगतो. हे ठाऊक असलेला वाचक 'कोझी पार्लर', म्हणजे उबदार बैठक, या शब्दांना पोस्टकार्डावरचं चित्र समजणार नाही. खाणकामगाराच्या घरात बैठकीची खोली आणि पियानो असणं ही मिरवायची, जपायची गोष्ट होती. रिचर्ड्सच्या त्याच पुस्तकात सतराव्या शतकातला कवी जॉन डन याच्या सॉनेटचीही अशीच गत झाली. कयामतीच्या दिवसाबद्दलची ख्रिस्ती कल्पना माहीत नसलेल्यांना त्या कवितेचा नुसता ध्वनी ऐकू आला.

आणि खुद्द रिचर्ड्सनी एका कवितेला हात लावला होता. कवी हॉपकिन्सच्या 'स्प्रिंग अँड फॉल' या, पानगळ पाहून रडणाऱ्या मुलीवरच्या कवितेत एका ओळीतल्या 'विल' या शब्दावर कवीने जोर द्यायची खूण घातली आहे. वाचक त्या खुणेवरच चर्चा करत बसतील म्हणून रिचर्ड्सनी ती वाटलेल्या कागदातून काढून टाकली. खूण असली की मुलगी रडण्याचा हट्ट धरते असा अर्थ, नसली की ती पुढे कधीतरी रडेल असाही अर्थ. वाचकांमध्ये यावरून फाटे फुटले, आणि रिचर्ड्सचा विद्यार्थी विल्यम एम्पसन याने 1930 सालच्या आपल्या संदिग्धतेवरच्या पुस्तकात हा शब्द घेतला. एका छोट्या रेघेने एवढं होत असेल, तर 'आम्ही फक्त कविता दिली, बाकी काही नाही' हे म्हणणं जपूनच केलं पाहिजे. रिचर्ड्सनी खूण काढल्याचं पुस्तकात सांगून टाकलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

आपल्याकडे हे प्रकरण परकं नाही. महाराष्ट्रात बारावीच्या इंग्रजीत कवितेचं रसग्रहण लिहिताना मुद्दे ठरलेले असतात. कवी आणि शीर्षक, आशय, भाषेची वैशिष्ट्ये, अलंकार, संदेश, आणि शेवटी स्वतःचं मत. दहावीच्या मराठीतही आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे आहेत. शिक्षकांची अडचण मला समजते. हजारो उत्तरपत्रिका सारख्या मापाने तपासायच्या तर काहीतरी चौकट लागतेच. पण 'पियानो' या चौकटीत घालून पाहा. कवी इंग्लंडचा, विषय बालपणाची ओढ, अलंकार उपमा, संदेश आईचं प्रेम अमोल असतं, मत कविता हृदयस्पर्शी आहे. सगळे गुण मिळतील आणि केंब्रिजच्या वर्गाने केलेली चूक दुसऱ्या टोकाने होईल. त्यांनी अश्रू पाहून कविता फेकली, आपण अश्रू पाहून तिला हार घालू. 'इन स्पाइट ऑफ मायसेल्फ' दोघांनीही वाचलेलं नसेल. संदेशाच्या आधी 'कवितेत कोण आहे, कुठे आहे, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याच्यात काय बदलतं' एवढा एक प्रश्न घातला तरी उत्तरं बदलतील. मत मग आपोआप येईल, आणि ते उसनं नसेल.

त्या वर्गाच्या आरोपातलं काहीच उरत नाही का? उरतं, आणि कवितेवर प्रेम असेल तर ते लिहिलंच पाहिजे. 'व्हिस्टा ऑफ इअर्स', वर्षांच्या लांबच लांब दृश्यातून मागे जाणं, हा शब्दप्रयोग लॉरेन्सच्या आधीच गुळगुळीत झालेला होता. 'फ्लड ऑफ रिमेम्ब्रन्स'ही तसाच, आणि नेमका कवितेच्या कळसाच्या जागी आहे. पियानोखालच्या मुलाचे हात ज्या नजरेने पाहिले तिने हे पाहिलेलं नाही. 'कास्ट / डाउन' या ओळ तोडण्याने त्या पुराला जोर येतो, म्हणून वाचताना तो खटकत नाही. पण शब्द वेगळा काढून हातात घेतला की हलका लागतो. एखाद्या विद्यार्थ्याने भावुकतेचा आरोप या दोन जागांपुरता, बोट ठेवून केला असता, तर त्या पुस्तकातल्या 'पियानो'वरच्या सगळ्या मतांत मी त्याचं मत वरचं मानलं असतं.